दोन निंबांचं गाणं

भटूचं ते गाणं आखाजीच्या आधी चुकून आलं नव्हतं. मी मुद्दाम आणलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, स्टुडिओतल्या पोरांना नाही, भटूला तर नाहीच. त्याला मी सांगितलं होतं की तारीख लावताना महिना चुकला. त्याने ते लगेच खरं मानलं, आणि पुढचं सगळं तिथूनच झालं.

जळगावात एका खताच्या दुकानावर माझा स्टुडिओ आहे. दोन खोल्या, भिंतींना जाड गोधड्या आणि अंड्यांचे ट्रे, एक कॉम्प्युटर, एक बऱ्यापैकी माइक. अहिराणी गाणी करतो. लग्नाची, वाढदिवसाची, निवडणूक असली तर निवडणुकीची. सगळ्यात जास्त चालणारं काम म्हणजे ‘नाव टाकणं’. चाल तयार असते, संगीत तयार असतं, फक्त नवरदेवाचं, गावाचं आणि मामाचं नाव गाऊन द्यायचं. हळदीच्या रात्री डीजेवर स्वतःचं नाव ऐकून नवरदेवाचे मित्र गाडीच्या टपावर चढतात. भटू पहिल्यांदा माझ्याकडे आला तो असंच एक नाव टाकायला.

तो बँडवर गायचा. वरातीत बँडची ती दिव्यांची गाडी असते, तिच्यावर माइक धरून उभा राहणारा. तेव्हा असेल बावीस-तेवीसचा. काळा, उंच, खांदे जरा पुढे आलेले. गाव एरंडोलच्या पुढे, आणि नोकरी जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात. बँडमास्तरने त्याला माझ्यासमोर ढकललं आणि म्हणाला, “नाना, याचा आवाज ऐका. दिसायला असाच आहे, पण आवाज ऐका.”

भटू म्हणाला, “दिसाले बी काय वाईट शे मास्तर? उजेड कमी शे हाई खोलीमा.”

चैत्रातली दुपार होती. जळगावचा चैत्र ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आणि रेकॉर्डिंग चालू असताना कूलर बंद ठेवावा लागतो, पंखासुद्धा, कारण माइक सगळं ऐकतो. आत गेलेला गायक दहा मिनिटांत भिजून बाहेर येतो. भटूने सरळ शर्ट काढला, खिळ्याला टांगला, माठातलं पाणी डोक्यावर शिंपडलं आणि बनियनवर, माझ्याकडे पाठ करून, गोधडीच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हेडफोन एकाच कानाला. दुसऱ्या कानावर तळहात.

“अरे, इकडे तोंड कर. मला इशारा करता आला पाहिजे.”

“तुम्हना तोंडकडे दखं का माले हासू येस, नाना.”

पुढे चार-पाच वर्षं तो माझ्याकडे गात होता आणि कधीही माझ्याकडे तोंड करून गायला नाही. गाणं झालं, आम्हाला सगळ्यांना पसंत पडलं, कूलर लावायला पोरगं उठलं, की हा तिथूनच बोट वर करायचा. “आखो एकदाव.” म्हणजे अजून एकदा. बँडमास्तर कपाळावर हात मारायचा. मी म्हणायचो, “भटू, चांगलं झालंय रे.” तो म्हणायचा, “चांगलं झायं, पन त्या नवरदेवनं नाव मी जरा घाईमा लिधं. त्यानं लगीन शे, मनं नही.” आणि पुन्हा गायचा.

त्याला ही नावं टाकायची कामं कमीपणाची कधी वाटली नाहीत. नाव कसं उच्चारतात, घरचे काय म्हणून हाक मारतात, मामा सख्खा आहे की चुलत, असल्या चौकशा तो फोन लावून करायचा. एकदा धरणगावकडच्या एका नवरदेवाचं नाव टाकलं आणि हळदीच्या आदल्या दिवशी लग्न मोडलं. गाणं माझ्या कॉम्प्युटरवर पडून होतं. मी तर विसरूनही गेलो होतो. भटू कारखान्यातून सुटल्यावर सायकल मारत आला, धापा टाकत, आणि म्हणाला, “नाना, ते गानं पुसी टाका.”

“राहू दे की. कुणाला त्रास होतोय?”

“कोनी डीजेवाला मांगी लेई, चाल चांगली शे म्हनीसन. ज्यानं लगीन मोडनं, त्याना नाववर लोके नाचतीन. आसं कसं चाली?”

मी त्याच्यासमोर ते पुसेपर्यंत तो बसून राहिला. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यातून सोडून खायला बसला. त्याच्या आईच्या हातचा ठेचा असा असायचा की खालच्या दुकानातला हमालही पाणी मागत वर यायचा.

चटईच्या कारखान्यात दिवसभर यंत्रांचा खटखटाट. तिथे माणूस माणसाशी बोलू शकत नाही, हातवारे करतो. भटू त्या आवाजात गायचा. कुणाला ऐकू जात नाही म्हणून कुणी हसत नाही, असं तो सांगायचा. त्यामुळे त्याचा ताल त्या यंत्रांचा झाला होता. स्टुडिओत तालासाठी कानात टकटक सोडतात, ती त्याला चालायची नाही. “हाई घड्याळ शे. घड्याळवर कोनी गास का?” शेवटी मी एक दिवस त्याच्याबरोबर कारखान्यात गेलो आणि त्याच्या यंत्राचा आवाज फोनवर भरून आणला. खट-खटाक्, खट-खटाक्, मधे धागा सुटल्यासारखी एक बारीक सुरसुर. त्याच्या कानात तो सोडला तर गडी भिंतीकडे तोंड करून हसायला लागला. म्हणाला, “आते घर उनं.” आता घर आलं.

बँडवाल्यांनी त्याच्या नावाचा फलक करायला घेतला तेव्हा फलकवाल्याने ‘बी. राज’ असं लिहून दिलं. भटू नाव कसं चालणार, असं त्याचं म्हणणं. भटूने फलक उलटा करून भिंतीला लावला. “मना बाप बाजारमा जास. त्याले कोन सांगी का बी. राज म्हंजे मी?” शेवटी ‘खान्देशचा भटू’ असं ठरलं, आणि त्यातही त्याला ‘खान्देशचा’ जरा जास्तच वाटत होतं.

ज्या मुलीवर त्याचा जीव होता, तिच्याबद्दल त्याने मला एकदाच सांगितलं. तीही त्याच्याच गावची, म्हणजे आमच्याकडे जवळजवळ भावाबहिणीचं नातंच धरतात. गावातल्या गावात असलं काही निभत नाही, हे दोघांना पहिल्यापासून माहीत होतं, तरी दोन-तीन वर्षं चाललं. मग धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा नोकरीचा, घर स्वतःचं. तिने स्वतः येऊन भटूला सांगितलं, एसटीच्या थांब्यावर. “रडनी नही. मनाकडे दखीसन सांगं,” तो म्हणाला. “मी बी हाव म्हनं.” एवढंच. शिव्या नाहीत, दारू नाही. तिच्या हळदीला त्याचाच बँड ठरला होता. तो गायला उभा राहिला आणि नवरदेवाचं नाव तीनदा घेतलं, अगदी नीट.

त्यानंतर महिन्याभराने तो एका रविवारी आला. बरोबर बँड नाही, कुणी नाही. म्हणाला, “नाना, एक गानं शे. मन्हं.”

शर्ट काढला, खिळ्याला टांगला, पाणी शिंपडलं, भिंतीकडे तोंड केलं. मी यंत्राचा आवाज सोडला. तो गायला लागला:

*दोन निंब दारमा, एक हिरवा, एक वायेल,*
*हिरवाले बांधा झोका, वायेलखाले मी उभा…*

एका घराच्या दारात दोन कडुनिंब. एक हिरवा, एक वाळलेला. हिरव्याला झोका बांधला आहे, त्यावर कुणी बसलं आहे, झोका पुढे येतो तेव्हा तोंड दिसतं, मागे जातो तेव्हा दिसत नाही. पूर्ण गाण्यात एवढंच. कुठे बेवफा नाही, काळीज नाही, जहर नाही. मी इतकी वर्षं ज्या शब्दांवर पोट भरलं त्यातला एकही नाही. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज जरासा खाली बसला आणि त्याने तो तसाच बसू दिला. मी वाट बघत राहिलो. बोट वर झालं नाही. त्या एका गाण्याला तो ‘आखो एकदाव’ म्हणाला नाही.

कूलर लावायचंही मला सुचलं नाही. घाम टिपत तो बाहेर येऊन बसला.

“भटू, हे लगेच काढू या. आखाजी तोंडावर आलीय. झोक्याचं गाणं, आखाजीला. याच्यासारखं दुसरं काही नाही.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात तिच्याएवढा मुलींचा दुसरा सण नाही. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात. लग्नानंतरची पहिली आखाजी तर कुणी चुकवतच नाही.

भटूने मान हलवली. “नही नाना. आखाजी व्हई जाऊ द्या, मंग टाका. ती ई राहयनी पहिली आखाजीले. दोन निंब कोना दारमा शेतस, बठ्ठा गावले माहीत शे.”

“मग ती ओळ बदल.”

“ओळ बदली तर गानंच नही राहत.”

“आणि नंतर टाकलं तर कळणार नाही?”

त्याने याचा विचार आधीच केलेला होता. आखाजीनंतर ती धुळ्याला परत जाईल. लग्नसराई संपते. पेरणीची कामं लागतात. त्या दिवसांत आलेलं गाणं कुणी ऐकत नाही, दोन-चार जण ऐकतात आणि विसरतात. पुढच्या मोसमात नवी गाणी येतात. हे सगळं त्याने मला, या धंद्यात केस पिकवलेल्याला, समजावून सांगितलं. गाणं बुडावं, म्हणून तो मुहूर्त शोधून आला होता. मी म्हणालो, असं कुणी करतं का? तो म्हणाला, “माले गानं गावानं व्हतं. गाजाले पाहिजे, आसं कोठे शे?”

मी कबूल झालो. तारीख आखाजीनंतरची, बरीच पुढची, त्याच्यासमोर लावून दिली. कॉम्प्युटरवर तशी सोय असते. ठरवलेल्या दिवशी गाणं आपोआप चॅनलवर जातं. तो पाहून गेला. जाताना माझ्या पायाला हात लावला, तसा तो कधी लावत नसे.

पुढचे काही दिवस मी ते गाणं रोज ऐकत होतो. दिवसभर नावं टाकायची, आणि शटर ओढायच्या आधी एकदा ते ऐकायचं. त्या यंत्राच्या तालाखाली मी फक्त एक बासरी घातली होती, तीही थोडीच. मला कळत होतं की एवढी वर्षं गोधड्या लावून, कूलर बंद करून जे काही शिकलो ते या एका गाण्यात आलं आहे. आणि हे पेरणीच्या दिवसांत जाऊन बुडणार. धंदा बसत चालला होता हे खरं, पण ते कारण नव्हतं. तेच कारण असतं तर मला आज लिहायला सोपं गेलं असतं. मला गाणं माझ्या नावाने गाजायला हवं होतं. एकदा तरी कुणी विचारावं, हे कोणी केलं?

आखाजीच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी, पोरं जेवायला गेली असताना, मी तारीख काढून टाकली आणि गाणं चॅनलवर सोडून दिलं. दोन वेळा बटण दाबावं लागतं. दुसऱ्या वेळी ‘नक्की का’ असं विचारतात. मी नक्की म्हटलं.

पुढे काय झालं ते इकडच्या सगळ्यांना माहीत आहे. बोदवडपासून धुळ्यापर्यंत ज्याच्या त्याच्या फोनवर तेच. मला अनोळखी लोकांचे फोन आले. एकाने खरोखर विचारलं, “हे कोणी केलं?” आणि मी माझं नाव सांगितलं.

भटू कारखान्यातून तसाच धावत आला. “नाना, हाई कसं काय व्हयनं?”

“तारीख लावताना महिना चुकला रे. माझ्या लक्षातच आलं नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. नेहमी हसू येतं म्हणून टाळायचा, त्या दिवशी पाहिलं. मग म्हणाला, “व्हस आसं. यंत्रच शे ते.” गाणं काढता येईल का, त्याने विचारलं. मी म्हणालो, आता लोकांनी उतरवून घेतलंय, काढून उपयोग नाही. ते खरंही होतं.

आखाजीच्या दिवशी ती आली. दारातल्या हिरव्या निंबाला झोका बांधला होता. दुपारी गावातली पोरं मोटारसायकलींना स्पीकर बांधून त्या दारासमोरून जात-येत राहिली. तेच गाणं. ती झोक्यावरून उतरली आणि घरात गेली, असं म्हणतात. धुळ्याहून सोबत आलेल्या नणंदेने गाणं ऐकलं, मग बाहेर येऊन झाडं पाहिली. मोजायला किती वेळ लागतो? संध्याकाळी जावई गाडी घेऊन आला आणि दोघींना घेऊन गेला. तेव्हापासून ती एकाही आखाजीला माहेरी आलेली नाही. नांदते आहे, मूलबाळ आहे, पण आखाजीला येत नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या बापाने हिरवा निंब तोडवला. वाळलेला राहू दिला, कोणास ठाऊक का.

तिचे दोघे भाऊ माझ्या स्टुडिओत आले. हातात काठ्या वगैरे नव्हत्या, पण खालच्या दुकानदाराने आधीच शटर अर्धं ओढलं होतं. थोरला म्हणाला, “गानं कोनी टाकं?”

भटू त्याच दिवशी नेमका हजर होता, का ते मला माहीत नाही; त्याला बहुतेक अंदाज होता. तो त्यांच्या आणि कॉम्प्युटरच्या मधे जाऊन उभा राहिला.

“मी टाकाले सांगं, आप्पा. आखाजीआधी टाका, आसं मीच सांगं. नानाले काय माहीत? त्या शहरना मानूस.”

मी शहरातला माणूस! माझी आई मरेपर्यंत आखाजीची गाणी म्हणत होती.

थोरल्याने त्याच्या कानाखाली मारली. एकदा, मग आणखी एकदा. भटूने हात वर केले नाहीत. धाकटा म्हणाला, “तिनं काय बिघाडं व्हतं रे तुन्हं? तिनी तर तुले तोंडवर सांगं व्हतं.” मी खुर्चीत बसलो होतो. उठलो नाही. एक वाक्य बोलायचं होतं, बोललो नाही. ते गेल्यावर भटूने माठातलं पाणी घेतलं, कानावर ओला हात धरला आणि म्हणाला, “नाना, तुम्ही घाबरू नका. चूक कोनाकडथीन बी व्हस.”

त्याने गायचं सोडलं. बँड सोडला. गावात लोक म्हणायचे, भटूने सूड उगवला, आणि त्याने कधी नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हणायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. कारखान्यात मात्र तो गात राहिला असेल. तिथे कुणाला ऐकू जात नाही.

गेल्या हिवाळ्यात मी एका लग्नाला धुळ्याला गेलो होतो. परत येताना स्टँडसमोर तो दिसला. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना चटयांच्या गुंडाळ्या बांधलेल्या. आता गावोगाव चटया विकतो. केस कमी झालेत, खांदे आणखी पुढे आलेत. मला पाहून आनंद झाला त्याला, अगदी खरा. टपरीवर नेलं. चहा झाल्यावर ग्लास खाली ठेवून टपरीवाल्याला बोट दाखवलं, “आखो एकदाव,” आणि माझ्याकडे पाहून हसला.

शेजारी कुणाच्या तरी फोनवर तेच गाणं वाजलं. आजही ते कुठेही ऐकू येतं. भटूने एका कानावर तळहात धरला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, “नाना, दुसऱ्या कडव्यामा मशीन जरा मोठी व्हई गयी व्हती. तव्हय ध्यानमा नही उनं.”

“हो रे. थोडी मोठी झाली.”

“धुयामा येस मी नेहमी. तिना घरवरथीन जास. दुरथीनच.” मग म्हणाला, “एकदाव बजारमा दिसनी. माले दखं अन् तोंड फिरवं. बरोबर शे तिनं.”

मी म्हणू शकलो असतो. चहा गरम होता, गाडी सुटायला वेळ होता, तो समोर बसला होता. मी विचारलं, “आईचा ठेचा अजून तसाच तिखट असतो का?”

तो हसत उठला. मोटारसायकलला किक मारली. पहिल्या फटक्यात लागली नाही, दुसऱ्याला लागली. चटयांच्या गुंडाळ्या सांभाळत, जराही मागे न बघता, तो पारोळ्याच्या रस्त्याला लागला. तो पाठमोराच मला जास्त ओळखीचा आहे.

ती धुळ्यात कुठे राहते, हे मला माहीत आहे. तिच्या दारात जाऊन मला एवढंच सांगायचं आहे, की आखाजीआधी गाणं भटूने टाकलं नव्हतं, तो तर ते थांबवून गेला होता, टाकलं मी. हे एक वाक्य मी त्या दोघांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.